सत्तावीस नंबरची काच

माझ्या काकांच्या उजव्या हाताची तीन बोटं काळी होती. शाईने नव्हे. फोटोची काच ज्या चांदीच्या पाण्यात बुडवतात ते पाणी कातडीला लागलं, की ती जागा थोड्याच वेळात काळी पडते आणि मग साबण, राख, लिंबू, कशालाही दाद देत नाही. गाव त्यांना मागे ‘काळबोटे डॉक्टर’ म्हणायचं आणि तोंडावर नुसतं ‘डॉक्टर’. काकांना दोन्ही ठाऊक होतं आणि दोन्हीचं काही वाटत नव्हतं. काकू मात्र ताट वाढताना त्या बोटांकडे बघून रोज म्हणायची, "हा हात बघून पेशंट नाडी दाखवतात तरी कसे, मला कळत नाही."

काका गावच्या मोठ्या इस्पितळात त्वचेचे डॉक्टर होते. त्या काळात फोटो निघायचे ते लग्नाचे, साहेबलोकांचे, नाहीतर मेलेल्यांचे. आजारी माणसाचा, त्याच्या उघड्या पाठीचा किंवा पायाचा फोटो काढून ठेवायचा, ही कल्पना लोकांना वेडेपणाची वाटायची. आमच्या भागात ती सुरू केली काकांनी. आता समारंभांत लोक त्यांच्या दूरदृष्टीबद्दल बोलतात. मी ऐकून घेते. दूरदृष्टी वगैरे काही नव्हतं. त्यांनी एका चुकीची धास्ती घेतली होती.

ते नवीन डॉक्टर असताना शाळेतले गाण्याचे मास्तर त्यांच्याकडे आले. एकापासून दुसऱ्याला लागणाऱ्या चट्ट्यांचा आजार होता. अशा रोग्यांना इस्पितळाच्या मागच्या अंगणापलीकडे वेगळं ठेवत. त्या जागेला सगळे ‘मागची इमारत’ म्हणत. मास्तर मोठे गमत्ये होते. दोन महिन्यांत काकांची त्यांच्याशी गट्टी जमली. एक दिवस काकांनी त्यांची पाठ बघितली, चट्टे गेलेत असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी मास्तरांना घरी सोडलं. महिन्याभरात वर्गातल्या पाच मुलांना तोच आजार झाला. त्यात एका मुलीचा डोळा गेला.

"मी नीट बघत होतो गं," काका मला पुढे कधीतरी म्हणाले होते. "पण मला जे दिसायला हवं होतं तेच दिसत होतं."

मग त्यांनी कॅमेरा आणला. लाकडाची पेटी, पितळी भिंग, वर काळं कापड. इस्पितळाच्या ओसरीच्या टोकाला उत्तरेकडची मोठी खिडकी असलेली खोली त्यांनी मागून घेतली आणि तिथे एक खुर्ची मांडली. खुर्चीच्या पाठीला लोखंडी चिमटा होता. फोटोला आठ सेकंद लागायची आणि तेवढा वेळ डोकं हलू नये म्हणून तो मानेमागून लावायचा. पेशंट घाबरून अर्धमेले व्हायचे. काका मोठ्याने एक ते आठ मोजायचे, मग काच ओली आहे तोवर ती धुवायला शेजारच्या अंधाऱ्या खोलीत धाव घ्यायचे. एरवी आग लागली तरी हा माणूस धावला नसता.

घरी काकूचं चादरींचं कपाट काचांनी बळकावलं, मग भांड्यांचं. टॉवेल तर एकही धड राहिला नाही. "कुणाकडे सवत येते," ती म्हणायची, "माझ्याकडे पेटी आली."

काकांचा एक नियम होता आणि त्या नियमावर त्यांचा भारी जीव होता. ज्याने पेशंट पाहिलाय त्याने फोटोचं वर्णन लिहायचं नाही. पाहिलं की ओळख होते, ओळख झाली की दया येते, आणि दया आली की डोळा बिघडतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर्णन लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, तेव्हा तेवीस वर्षांची. माझं अक्षर मोत्यासारखं होतं आणि वडिलांच्या मते जीभ विंचवासारखी, त्यामुळे माणसांपेक्षा पाकिटांशी माझं बरं जमेल असं घरात ठरलं होतं. मी काकांच्या घरी मागच्या खोलीत बसायची, कागदावर छापलेला फोटो बघायची आणि पाकिटावर लिहायची. नाव नाही, नुसता नंबर. खाली ‘गडद चट्टे, कडा स्पष्ट’, किंवा ‘फिकट होत आहेत’, किंवा ‘नाहीत’.

मागच्या इमारतीतून कुणाला सोडायचं ते तिघांची समिती ठरवायची. एका महिन्याच्या अंतराने तीन फोटो. तिसऱ्या फोटोतही चट्टे गडद दिसले, की आणखी तीन महिने मुक्काम. समिती पेशंटला बोलावून तपासायची नाही. फोटो आणि माझं पाकीट बघायची. हा नियमही काकांनीच घालून दिला होता. "इथे कुणाची ओळख चालत नाही आणि कुणाचं रडणं चालत नाही," असं ते अभिमानाने सांगायचे. खोटं कशाला बोलू, मलाही त्याचा अभिमान होता.

आता शालीबद्दल सांगायला हवं. काकूकडे मोहरीसारख्या पिवळ्या रंगाची एक लोकरी शाल होती, तिच्या बहिणीने दिलेली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ती शाल अंगावर घेऊन काकू हौसेने फोटोला बसली. फोटोत शाल काळीकुट्ट आली.

"मी काय कुणाच्या मयताला निघाले होते?" काकू कडाडली.

काकांनी समजावलं, की या काचेला पिवळा दिसतच नाही. तिच्या लेखी पिवळा काय आणि काळा काय, सारखेच. निळा मात्र ती पांढरा दाखवते. तो फोटो जेवणाच्या खोलीत लागला आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही गंमत सांगितली जाऊ लागली. पाहुणे हसायचे, आम्हीही हसायचो. म्हणजे आम्हाला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे.

एकदा पाकिटं पोचवणारा शिपाई तापाने पडला, म्हणून मागच्या इमारतीत मीच गेले. नियमाने मी तिकडे फिरकायचंसुद्धा नव्हतं. अंगणात दगडी हौदापाशी एक बाई बाह्या वर खोचून इस्पितळाच्या चादरी धूत होती. मला पाहून ती आपणहून दोन पावलं मागे सरकली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी नाकाला रुमाल लावलाय.

"कागद ना? आत टेबलावर ठेवा. नर्सबाई जेवायला गेल्यात," ती म्हणाली. मग जरा थांबून, "शनिवारच्या बैठकीचेच ना? सत्तावीस नंबरचं काय लिहिलंय, सांगाल का जरा?"

मला बघायची गरज नव्हती. कालच लिहिलं होतं. गडद चट्टे, कडा स्पष्ट.

"सत्तावीस नंबर तुमचं कोण?"

"मीच की."

मी तिचे हात पाहिले. कोपरापर्यंत ओले होते आणि पाणी त्यांवरून सरळ ओघळत होतं. खपली नाही, सूज नाही, कातडी गुळगुळीत. पूर्वी जिथे चट्टे होते तिथे फिकट पिवळट खुणा तेवढ्या होत्या, चहा सांडलेली चादर धुतल्यावर राहतात तशा. मी रुमाल खाली घेतला.

"आठ महिने झाले मला इथे," ती म्हणाली. "चार महिन्यांपासून खाज नाही की काही नाही. बाहेर माझं इस्त्रीचं दुकान होतं, सगळा जन्म कपडे धुण्यात गेला. डाग कुठला आणि गेलेल्या डागाची खूण कुठली, ते मला कळतं हो. पण मला विचारतंय कोण?"

मग तिने खरी गोष्ट सांगितली. तिला चार वर्षांची मुलगी होती. नवरा नव्हता. मुलगी शेजारणीकडे होती, आणि शेजारणीच्या नवऱ्याची बदली झाली होती. एक तारखेला ते बिऱ्हाड हलवणार होते. मुलीला बरोबर नेणार नव्हते, अनाथाश्रमात ठेवणार होते. "एकदा तिथे गेली, की चट्टेवाल्या बाईला पोर परत कोण देणार? या शनिवारी सुटले नाही तर पुढचे तीन महिने नाही. आणि तोवर सगळं संपलं." ती रडली नाही. चादर पिळत होती, ती जरा जास्तच पिळली.

मी तशीच घरी आले. काका जेवत होते. मी हातही न धुता सगळं सांगितलं.

काकांचा घास हातातच राहिला. "तू मागे गेलीस? तिला पाहिलंस?"

"पाहिलं."

"मग तुझं वर्णन बाद. नियम तुला पाठ आहे."

"बाद तर बाद. काका, तिचे हात साफ आहेत. पिवळट खुणा आहेत नुसत्या."

"तुला तिची दया आली."

"आली. पण मला दया आली म्हणून तिचे हात पिवळे झाले का?"

आमचे आवाज चढले होते. काकू वाढता वाढता मधेच थांबली. "पिवळे?" ती म्हणाली, आणि तिने भिंतीकडे पाहिलं. "म्हणजे हे माझ्या शालीसारखंच झालं की हो."

काका उठले, हात धुतले आणि त्या फोटोसमोर जाऊन उभे राहिले. आम्ही दोघी बघत होतो. मग ते टोपी न घालताच बाहेर पडले. मागच्या इमारतीत जाऊन त्यांनी इस्त्रीवालीला खिडकीपाशी उभं केलं आणि तिच्या हातांवरून बोटं फिरवली. कित्येक वर्षांत त्यांनी मागच्या इमारतीतल्या कुणाला असं निवांत तपासलं नव्हतं. काच होती ना तपासायला. तासाभराने परत आले ते काचांच्या कपाटापुढे जमिनीवरच बसले.

"ती बरी आहे," ते म्हणाले. "ती म्हणते तशी, चार महिन्यांपासून." मग कपाटाकडे बघत म्हणाले, "आणि बाकीचे?"

बाकीच्यांचं मी लिहिलं होतं. मोत्यासारख्या अक्षरात.

शनिवारच्या बैठकीला मी काकांबरोबर गेले. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, सरळ माणूस, पण कागदावर नसेल ते त्यांच्यासाठी जगात नसायचं. स्वतःच्या रूपाबद्दल जरा हळवे होते. मिशी रोज तेल लावून वळवलेली असायची. दुसरे सभासद म्हणजे इस्पितळाचे अधीक्षक. ते वॉर्डात फेरीला गेले होते. तिसरे काका स्वतः.

"सत्तावीस नंबर बरी झाली आहे. आजच सोडायला हवं," काका म्हणाले.

अध्यक्षांनी पाकीट उघडलं. "फोटो तसं म्हणत नाही. ‘गडद चट्टे, कडा स्पष्ट.’"

"फोटो चुकतोय. मी हात लावून पाहिलंय."

"डॉक्टर," अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "गाण्याच्या मास्तरांची गोष्ट तुम्हीच आम्हाला सांगितली होतीत. बाईची मुलगी वगैरे मी ऐकलंय. मलाही वाईट वाटतं. पण वाईट वाटतं म्हणून सोडायचं नाही, हा नियम कुणाचा?"

काकांच्या तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांच्या काळ्या बोटांनी टेबलाची कड घट्ट धरलेली मला दिसली. मला वाटलं, संपलं, आता हा माणूस ‘बरोबर आहे तुमचं’ म्हणणार. पण काका अध्यक्षांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ.

"मला एक तास द्या," ते म्हणाले. "आणि तुम्ही माझ्या खुर्चीत बसा. तुमचा फोटो काढतो. काच खरी की डोळा खरा, हे त्यावरून ठरवू."

अध्यक्षांनी आढेवेढे घेतले, पण मिशीवरून हात फिरवत बसले. लोखंडी चिमटा मानेला लागला तेव्हा म्हणाले, "हे असंच करता तुम्ही सगळ्यांना?" काकांनी आठपर्यंत मोजलं आणि धाव घेतली. काच तयार झाली, सुकली. मग मी तिच्याखाली कागद लावून तो उन्हात ठेवला. कागदावर चित्र उतरायला अर्धा तास लागला. तेवढ्यात चहा झाला. एक तारीख बुधवारी होती, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

छाप तयार झाल्यावर काकांनी मला एका जाड कागदाला भोक पाडायला सांगितलं. तो कागद त्यांनी फोटोवर असा धरला, की फक्त गाल आणि नाकाचा थोडा भाग दिसावा. इतक्यात अधीक्षक फेरीवरून आले.

"पेशंट पाहिलेला नाही असे तुम्हीच आहात," काका त्यांना म्हणाले. "वर्णन सांगा."

अधीक्षकांनी चष्मा लावला. "गडद चट्टे. कडा स्पष्ट. दोन्ही गालांवर आहेत, नाकावरही चढलेत." त्यांनी मान वर केली. "हा कुठल्या वॉर्डात आहे? का बाहेर मोकळाच फिरतोय? आधी मागच्या इमारतीत घाला त्याला!"

काकांनी वरचा कागद काढून घेतला.

अध्यक्षांच्या गालांवर फिकट पिवळट वांग होते. नुसत्या डोळ्यांना ते जेमतेम कळायचे, माणूस जरा उन्हातून आलाय असं वाटावं इतपत. काचेने ते डांबर फासल्यासारखे दाखवले होते. अधीक्षकांनी एकदा फोटो पाहिला, एकदा अध्यक्ष, आणि चष्मा काढून पुसायला घेतला. मला हसू आवरेना, आणि भीतीही वाटत होती, की आता हे भडकले तर बाईचं सगळंच फिसकटेल.

अध्यक्ष भडकले नाहीत. त्यांनी गालाला हात लावला आणि हळू आवाजात विचारलं, "मग इतकी वर्षं आपण काय बघत होतो?"

"मी दाखवत होतो ते," काका म्हणाले. "चूक माझी आहे. तसं कागदावर लिहा."

अध्यक्षांनी लिहिलं, आणि त्याच लेखणीने सत्तावीस नंबरच्या सुटकेवर सही केली. सोमवारी इस्त्रीवाली बाहेर पडली.

पुढच्या आठवड्यात काकांनी मागच्या इमारतीतल्या प्रत्येकाला खिडकीच्या उजेडात स्वतः तपासलं. एकतीसपैकी नऊ जण बरे झालेले निघाले. त्यांना सोडलं, त्यातल्या दोघांना जायला घर उरलं नव्हतं. आणि एक म्हातारा बेकरीवाला होता, तो गेल्या थंडीत तिथेच वारला होता. त्याच्या जुन्या पाकिटांवर माझं तेच वाक्य होतं, पुन्हा पुन्हा. काका त्याच्या मुलाच्या दारात गेले आणि काय झालं ते त्याला सांगितलं. मुलाने दार लावून घेतलं. काका घरी येऊन न जेवता बसून राहिले. मला त्यांचा राग आला होता आणि माझाही. तो अजून सगळा गेलेला नाही.

त्यांनी कॅमेरा सोडला नाही. आणखी बारा वर्षं काम केलं. नियम तेवढा उलटा केला: वर्णन लिहिणाऱ्याने आधी पेशंटला भेटायचं. पाकिटावर तीन रकाने आले. काच काय दाखवते, डोळ्याला काय दिसतं, आणि पेशंट काय म्हणतो. परगावचे डॉक्टर फोटो बघायला यायचे आणि तो तिसरा रकाना उतरवून घेऊन जायचे. पण हे सगळं नंतरचं.

बाई सुटल्यावर दोन आठवड्यांनी एका सकाळी ती आमच्या घरी आली. पाठीमागे मुलगी लपली होती. तिचे दोन हात तेवढे आईच्या कमरेला दिसत होते.

"डॉक्टर, माझ्या काचा द्या," ती म्हणाली.

काकांनी आजवर एक काचही कुणाला दिली नव्हती. "काय करणार त्यांचं?"

"धुणार."

आधी काकू हसली. काका मुकाट्याने उठले आणि सत्तावीस नंबरच्या सहाच्या सहा काचा घेऊन आले. बाईने गरम पाणी मागितलं, सोडा तिने बरोबरच आणला होता. आमच्या मोरीत बसून तिने काचा भिजत घातल्या. थोड्या वेळाने वरचा थर दुधावरच्या सायीसारखा सुटला आणि तिने तो अंगठ्याने अलगद ढकलून दिला. तिचे ते हात पाण्याबरोबर वाहून गेले. काचा पुसायला काकूने टॉवेल दिला, आणि तो पांढराच राहिला. काकूने तो आम्हाला मुद्दाम धरून दाखवला.

बाईने एक काच उजेडात धरली. "चांगली आहे की. हिच्यावर परत फोटो निघतो?"

"निघतो," काका म्हणाले.

"मग काढा. आमच्या दोघींचा."

काका घुटमळले. मग त्यांनी सरळ सांगितलं, "बाई, खुणा अजून गेल्या नाहीत. काच त्या काळ्याच दाखवणार. पुन्हा तसेच चट्टे दिसतील."

"दिसू देत," ती म्हणाली. "खाली लिहा ना, गेलेत म्हणून. या ताईंचं अक्षर चांगलं आहे म्हणतात."

इस्पितळातल्या त्याच खिडकीपाशी, त्याच खुर्चीत ती बसली. काकांनी चिमटा काढून बाजूला ठेवला. मुलगी मांडीवर, आईचे उघडे हात तिच्याभोवती. काकांनी मोजायला सुरुवात केली. सहाव्या आकड्याला मुलीने मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं, त्यामुळे फोटोत तिचा चेहरा पुसट आलाय. हात मात्र स्पष्ट आहेत. गडद चट्टे, स्पष्ट कडा.

मी खाली लिहायला बसले तेव्हा बाई माझ्या खांद्याशी उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. "काय लिहिलंत ते वाचा," ती म्हणाली.

"‘हात साफ आहेत. मी स्वतः पाहिले.’"

"आणि मुलीचं?"

मी पुन्हा टाक बुडवला आणि तिने सांगितलं तसं लिहिलं: ‘मुलगी घरी आली.’

तिला एक छाप दिला आणि एक आम्ही ठेवला. तो जेवणाच्या खोलीत काकूच्या काळ्या शालीशेजारी लावला. पाहुण्यांनी विचारलं की आम्ही त्यांना आधी खालची ओळ वाचायला सांगायचो.